एक वीट भाजायला किती कोळसा लागायला हवा?

थंडी पडली की मुंबई-ठाणे-पुण्याच्या हवेचे आकडे बातम्यांत यायला लागतात आणि त्यांच्या मागोमाग वीटभट्ट्यांवरची कारवाई येते. इतक्या भट्ट्यांना नोटिसा, तितक्या पाणी मारून विझवल्या. या बातम्यांत ‘झिगझॅग तंत्रज्ञान’ हे शब्द हमखास असतात, पण ते तंत्रज्ञान म्हणजे काय हे कुणी सांगत नाही. चिमणीत बसवायची कसली तरी जाळी असावी, असं वाचणाऱ्याला वाटतं. झिगझॅग ही खरं तर विटा रचायची एक पद्धत आहे. त्यात यंत्र जवळजवळ नाहीच. फार तर एक पंखा.

केंद्र सरकारने 22 फेब्रुवारी 2022 च्या अधिसूचनेने ही पद्धत जवळपास सक्तीची केली. नवी भट्टी काढायची तर ती झिगझॅग हवी, नाहीतर उभ्या नळीची (जिच्यात विटा वरून खाली सरकत भाजल्या जातात) किंवा पाइपच्या गॅसवर चालणारी. जुन्या भट्ट्यांनी दोन वर्षांत बदलायचं. ज्या शहरांची हवा मानकात बसत नाही त्यांच्यापासून 10 किलोमीटरच्या आत असाल तर एकाच वर्षात. मुदत केव्हाच उलटली. महाराष्ट्रातला विटांचा धंदा मात्र बराचसा होता तिथेच आहे. त्याचं कारण नुसत्या ढिलाईत शोधलं तर सापडायचं नाही. आधी विटेचा हिशेब समजून घेऊ.

मातीची वीट होते तेव्हा

थापलेली कच्ची वीट उन्हात वाळते. वरून कोरडी ठणठणीत दिसली तरी पोटात पाणी उरलेलंच असतं. भट्टीतलं पहिलं काम ते पाणी उडवण्याचं. पुढे 500-600 अंशांच्या आसपास मातीच्या कणांत रासायनिक रीतीने अडकलेलं पाणीही सुटतं आणि तिथून परतीची वाट बंद होते. त्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही. 900 ते 1000 अंशांना कणांच्या कडा वितळून एकमेकींना चिकटतात. मग जी वीट हाती येते ती दुसऱ्या विटेवर आपटली की खणकन वाजते.

उष्णता मेगाज्यूलमध्ये मोजतात. दगडी कोळसा जाळून 1 मेगाज्यूल उष्णता काढली की साधारण 95 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एवढा एक आकडा ध्यानात ठेवला की पुढचं सगळं गुणाकाराने येतं.

आता हिशेबापुरती 3 किलोची वीट धरू. ती 1000 अंशांपर्यंत तापली की तिच्यात जवळपास पावणेतीन मेगाज्यूल उष्णता साठलेली असते. शेवटी तर वीट गार व्हायचीच असते. निवताना ही पावणेतीन मेगाज्यूल जाते कुठे? विटेच्या कार्बनचा जवळपास अर्धा निकाल या एका प्रश्नावर लागतो.

उघड्या भट्टीत ती आभाळात जाते

महाराष्ट्रात हायवेच्या कडेला दिसते ती भट्टी म्हणजे विटांचा रचलेला ढीग. तळाला लाकूडफाटा, विटांच्या थरांमध्ये कोळशाचा चुरा, तूस किंवा बगॅस (उसाचा चोथा), बाहेरून चिखलाचा लेप. खालून पेटवायची, की आग आपल्या मर्जीने वर सरकत जाते. चिमणी नाही, हवेवर ताबा नाही. काही दिवस ढीग धुमसतो, मग निवतो आणि निवताना सगळी उष्णता उघड्यावर उडून जाते. सरकारी कागदांत हिला ‘क्लॅम्प’ म्हणतात. आपण उघडी भट्टी म्हणू.

वाऱ्याच्या बाजूच्या विटा अर्धकच्च्या राहतात, गाभ्यातल्या जळून काळ्या-वाकड्या होतात. दोन्हींवर कोळसा खर्च झालेलाच असतो. अशा भट्टीत दर किलो विटेमागे दीड ते तीन मेगाज्यूल लागतात. मधला 2 चा आकडा धरला तर एका विटेला 6 मेगाज्यूल, म्हणजे 570 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड.

विटा जागेवर, आग फिरती

उत्तरेत गंगेच्या खोऱ्यात दिसणाऱ्या उंच चिमणीच्या भट्ट्यांनी हा प्रश्न जुन्या काळीच सोडवला. 1858 मध्ये फ्रीडरिश हॉफमन या जर्मन माणसाने गोल फिरत्या आगीच्या भट्टीचं पेटंट घेतलं. 1876 च्या सुमारास बुल नावाच्या इंग्रज इंजिनिअरने तिची स्वस्त आवृत्ती भारतात काढली: जमिनीत लांबट गोल चर, त्यात विटा रचलेल्या, आणि आग त्या चरातून रोज काही मीटर पुढे सरकते.

यातली खुबी अशी. बाहेरची गार हवा आधी भाजून झालेल्या लालबुंद विटांमधून जाते. त्या विटा निवतात आणि हवा तापते. तापलेली हवा आगीपाशी पोचते, कोळसा तिथे नीट पेटतो. आगीतून निघालेला गरम धूर मग पुढच्या कच्च्या विटांमधून जातो आणि त्यांना सुकवत, तापवत शेवटी चिमणीतून बाहेर पडतो. पावणेतीन मेगाज्यूल जात होती ना, तिच्यातली बरीचशी इथे पुढच्या विटेला मिळते. मागणी उतरते दर किलोला सुमारे 1.2 मेगाज्यूलवर, म्हणजे एका विटेला 340 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड.

मग झिगझॅगने आणखी काय मिळतं?

बुलच्या भट्टीत हवा सरळ रांगेतून वाहते. सोपी वाट मिळाली की ती कडेने निघून जाते, कोळशाशी धड मिसळत नाही. अर्धवट जळलेला कोळसा काजळी होऊन बाहेर येतो. झिगझॅगमध्ये विटांच्या चौकड्या अशा रचतात की हवेला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळत जावं लागतं. वाट लांबते, हवा घुसळली जाते, उष्णता विटांना जास्त वेळ चाटते. कुठे उंच चिमणीचा ओढा पुरतो, कुठे पंखा लावतात. गरज येते दर किलोला 1 मेगाज्यूलच्या आसपास, एका विटेला 285 ग्रॅम. काजळीत तर यापेक्षा कितीतरी मोठी घट होते.

कल्पना नवी अजिबात नाही. झिगझॅग भट्टीचा मूळ आराखडा 1920 च्या दशकातला, आणि रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने पंख्याची झिगझॅग भट्टी 1970 च्या दशकातच देशात आणली होती. मधली पन्नास वर्षं ती कुणाच्या फारशी डोळ्यांत भरली नाही, एवढंच.

उघडी भट्टी आणि झिगझॅग यांत सरळ दुप्पट-निमपटीचा फरक आहे. 20 हजार विटांच्या घराला उघड्या भट्टीचे 11.4 टन कार्बन डायऑक्साइड, झिगझॅगचे 5.7 टन. वाचलेले 5.7 टन म्हणजे सुमारे 2,500 लिटर पेट्रोल जाळल्यावर निघणारा कार्बन. देशभरातल्या भट्ट्या वर्षाला साडेतीन कोटी टनांच्या आसपास कोळसा जाळतात असा अंदाज वर्षानुवर्षं दिला जातो. त्यात दहा-वीस टक्के इकडेतिकडे झाले तरी तो आकडा लहान नाही.

कोळसा टाकणाऱ्याचा हात

आता सगळ्यांत रंजक भाग, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित.

बांगलादेशात बऱ्याच भट्ट्या आधीच झिगझॅग झालेल्या होत्या, तरी धूर आणि कोळसा अपेक्षेइतका उतरला नव्हता. खुलना विभागात संशोधकांनी 276 भट्ट्या घेऊन प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा काही भट्ट्या प्रशिक्षणासाठी निवडल्या, बाकीच्या तुलनेसाठी ठेवल्या. निष्कर्ष 2025 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. प्रशिक्षणात नवीन यंत्र एकही नव्हतं. शिकवलं ते असं: कोळसा थोडा थोडा आणि सतत टाका, विटा हवा खेळेल अशा रचा, वरचा राखेचा थर जाड करा, दारं-फटी नीट बुजवा, आणि कोळशाबरोबर लाकडाचा भुसा वगैरे वापरा.

कोळसा टाकण्याची रीत का महत्त्वाची, हे चुलीपुढे बसलेल्या कुणालाही विचारा. चार-पाच लाकडं एकदम कोंबली की आधी धूर होतो, आच मंदावते आणि डोळे चोळत फुंकणी मारावी लागते. एकेक काटकी सरकवत राहिलं की जाळ स्वच्छ लागतो. भट्टीवर हेच मोठ्या मापाने घडतं. जुन्या पद्धतीत दोघं जण मोठी फावडी भरून भराभर कोळसा ओततात आणि विश्रांतीला जातात. ओतला त्या क्षणी तेवढ्या कोळशाला पुरेल इतकी हवा आत नसते. चिमणीतून काळा लोट निघतो. नंतर कोळसा संपतो, हवा येतच राहते आणि उलट आग गार करते. सुधारित पद्धतीत एकच जण लहान पळीने, एकेका भोकातून, न थांबता टाकत राहतो. लोट दिसतच नाही.

प्रशिक्षण मिळालेल्यांपैकी 65 टक्के भट्ट्यांनी ते अमलात आणलं. न आणणारे धरूनही सरासरी ऊर्जेचा वापर 10.5 टक्क्यांनी उतरला, आणि दर भट्टीमागे वर्षाला 171 टन कार्बन डायऑक्साइड वाचला. विटांचा दर्जा सुधारला, कोळशाचं बिल उतरलं.

फायद्याचं आहे तर मालक आपणहून करत का नाहीत?

रास्त शंका. एक म्हणजे मालक आगीपाशी नसतो. कोळसा टाकणाऱ्यांची टोळी ठेक्यावर येते, तिची रीत तिच्याबरोबर येते. एकदम ओतून मोकळं व्हायला मेहनत कमी पडते, आणि कोळसा वाचला तर त्यातलं टोळीला काही मिळत नाही. दुसरं, हंगाम चालू असताना लाखो विटा आत असतात. कुणाच्या सांगण्यावरून रचना बदलली आणि आग बसली तर नुकसान मालकाचं, सल्लागाराचं नव्हे. शेजारच्या भट्टीत चाललेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय असा माणूस हलत नाही, आणि त्यात त्याला वेड्यात काढण्यासारखंही काही नाही.

म्हणून नोटीस पाठवण्यापेक्षा हंगामाच्या सुरुवातीला शिकलेला माणूस आठवडाभर भट्टीवर ठेवणं जास्त कामाचं ठरतं. आपली प्रदूषण नियंत्रणाची व्यवस्था चिमणी आहे की नाही एवढं बघते. फावडं केवढं आहे हे बघत नाही.

आपल्याकडे घोडं कुठे अडतं?

बांगलादेशात, बिहारात, उत्तर प्रदेशात भट्टी कायम जागेवर असते. नदीच्या गाळाची खोल, एकसारखी माती वर्षानुवर्षं पुरते. आपल्याकडचा वीटवाला एका हंगामासाठी जमीन भाड्याने घेतो. कोकणात भाताचं खाचर, देशावर ओढ्याकाठचा तुकडा. माती संपली की पुढच्या वर्षी दुसरीकडे. झिगझॅग भट्टी हंगामात लाखांनी, चांगली चालली तर अर्ध्या कोटीच्या घरात विटा काढते. तेवढी माती, तेवढं गिऱ्हाईक आणि बांधकामात घातलेले पैसे वसूल व्हायला लागणारी वर्षं, यांतलं काहीच छोट्या वीटवाल्याच्या हातात नसतं. भाड्याच्या जमिनीवर चिमणी कोण बांधेल?

मातीचाही प्रश्न आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना चिरते. म्हणूनच विदर्भ-मराठवाड्यात गाऱ्यात औष्णिक केंद्राची राख मिसळायची पद्धत पडली. चीनमधून आलेली उभ्या नळीची भट्टी 1996 मध्ये मध्य प्रदेशात दतियाला सुरू झाली होती. कोळसा झिगझॅगहूनही कमी लागतो, जागा इवलीशी पुरते. पण तिच्यात वीट एका दिवसात तापते आणि निवते. चिकण मातीला ती घाई सोसत नाही, विटा तडकतात. त्यामुळे कागदावर सर्वांत हुशार असलेली भट्टी प्रत्यक्षात फारशी पसरली नाही.

आणि माणसं. दिवाळीनंतर रायगड, ठाणे, पालघरची कातकरी कुटुंबं उचल (आगाऊ मजुरी) घेऊन भट्टीवर येतात, बिऱ्हाडासकट. मजुरी हजारामागे. भट्टी विझवल्याचा फोटो छापून येतो, तेव्हा उचलीचा आकडा कुणाच्या डोक्यावर राहतो याची बातमी होत नाही. सरसकट बंदी घातली की भट्टी दोन तालुके पलीकडे पेटते, एवढाच अनुभव.

मग या उघड्या भट्टीचं करायचं काय? वर दीड ते तीन मेगाज्यूल असा पट्टा दिला होता. एकाच प्रकारच्या भट्टीत दुपटीचा फरक, म्हणजे तीन लागणाऱ्याला दोनवर आणायला कुठलाही शोध लागायला नको. पहिला उपाय उन्हाचा. 3 किलोच्या विटेत 10 टक्के ओल राहिली तर 300 ग्रॅम पाणी उडवायला पाऊण मेगाज्यूलच्या वर जाते. झिगझॅगमध्ये अख्ख्या विटेला जेवढी उष्णता लागते तिचा पाव हिस्सा, नुसत्या ओलीपायी! अवकाळी पावसाच्या धास्तीने घाईघाईत रचलेली भट्टी नेमकी इथे मार खाते; ताडपत्री आणि चार दिवसांचा धीर यांची किंमत कोळशापेक्षा कमी असते. दुसरा उपाय इंधन गाऱ्यातच घालण्याचा: कोळशाची भुकटी किंवा थोडा कोळसा शिल्लक असलेली राख मातीत मळली की वीट आतून भाजते. तिसरा, ढीग मोठा आणि ठेंगणा रचून बाहेरचा लेप जाड ठेवणं, वाऱ्याच्या बाजूला आडोसा देणं.

एवढ्याने उघडी भट्टी झिगझॅगची बरोबरी करणार नाही, कारण निवताना जाणारी उष्णता ती पकडूच शकत नाही. तिथे पाच-दहा वीटवाल्यांनी मिळून एक कायम भट्टी चालवणं हाच मार्ग दिसतो, आणि त्यासाठी लांब मुदतीची जागा सरकारने द्यायला हवी. अधिसूचनेत मुदत आहे, जागा नाही.

‘तूस-बगॅस जाळला तर कार्बन शून्यच ना?’

कागदावर हो. उसाने हवेतून घेतलेला कार्बन हवेत परत जातो, म्हणून तो हिशेबात धरत नाहीत. पण धुमसत्या ढिगात जाळला तर काजळी होतेच, आणि काजळीही हवा तापवते. शिवाय बगॅस आता फुकट राहिलेला नाही. साखर कारखाने तो जाळून वीज करतात. भट्टीला बगॅस आणि कारखान्याच्या बॉयलरला कोळसा, अशी अदलाबदल झाली तर कमावलं काहीच नाही.

‘मग राखेच्या विटाच घ्या की’

कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ इथे राखेचे डोंगर आहेत. ती वापरावी म्हणून केंद्राने 1999 पासून नियमही केले. राखेची वीट भाजावी लागत नाही, सुपीक माती खात नाही. हे दोन्ही मोठे फायदे. पण ती चिकटते सिमेंटने, नाहीतर चुना आणि जिप्समने. 8-10 टक्के सिमेंट म्हणजे एका विटेत पाव किलोच्या आसपास, आणि त्याचा कार्बन अंदाजे दीडशे ते अडीचशे ग्रॅम. उघड्या भट्टीच्या विटेपुढे ती सहज जिंकते, चांगल्या झिगझॅगपुढे थोडक्यात. शंभर-दोनशे किलोमीटरवरून ट्रकने आणली तर तेही उरणार नाही. औष्णिक केंद्राच्या जवळ राहत असाल तर डोळे झाकून घ्या. रत्नागिरीत बसून मागवत असाल तर आधी विचार करा.

‘विजेवर भाजा’

आज भाजली तर तोटा. झिगझॅगची 3 मेगाज्यूल विजेतून द्यायची तर 0.83 युनिट लागतं. आपल्या ग्रिडमध्ये कोळशाचा वाटा इतका आहे की एका युनिटमागे 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे विटेला 580 ग्रॅम, उघड्या भट्टीइतकाच. ग्रिड स्वच्छ होईल तसं हे गणित पालटेल, तेव्हा बघू.

भिंतीतल्या विटा मोजा

घर बांधणाऱ्याला भट्टी बदलता येत नाही, पण विटा कमी करता येतात. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेला रॅट-ट्रॅप बाँड (विटा रचायची एक पद्धत) घ्या: विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी सोडायची. भिंत 9 इंचीच राहते, विटा सुमारे 25 टक्के कमी लागतात, आणि पोकळीमुळे उन्हाळ्यात खोली कमी तापते. आपल्याकडच्या गवंड्यांना याची सवय नसते, पहिले दोन थर समोर उभं राहून करून घ्यावे लागतात. शिवाय कडा सरळ असलेल्या विटा हव्यात. उघड्या भट्टीतल्या वाकड्या मालावर हा बांध बसत नाही.

घराला आरसीसीचे खांब आणि तुळया असतील तर भार त्यांच्यावर असतो, आतल्या भिंतींवर नसतो. तिथे 9 इंचीचा आग्रह बहुतेक सवयीचा असतो, 4 इंची पुरते. पावसाच्या बाजूची बाहेरची भिंत मात्र कोकणात पातळ करू नका. ओल धरली की तीच भिंत दोनदा बांधायची वेळ येते.